कवठ, महाळुंग आणि शून्य

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या स्वयंपाकघरात अजून शहाबादी फरशी असेल. ही फरशी ज्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, त्याच जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड नावाचं गाव आहे. पडका किल्ला, नेमिनाथांची जुनी बस्ती, बाकी चारचौघांसारखं गाव. पण नवव्या शतकात याच गावाला मान्यखेट म्हणत आणि इथं राष्ट्रकूटांची राजधानी होती. राजा अमोघवर्ष नृपतुंग इ.स. ८१४ मध्ये गादीवर आला आणि साठांहून जास्त वर्षं राज्य करून गेला. जिनसेनाचार्यांना तो गुरू मानत असे. राज्यावरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिलं, असा उल्लेख ८७१ सालच्या संजाण ताम्रपटात आहे, आणि आपल्याकडे त्याचा संबंध कोल्हापूरच्या अंबाबाईशी जोडतात. जिनसेनांचा शिष्य आणि अंबाबाईचा भक्त! आपल्या भागातल्या कित्येक जैन घरांत आजही हे दोन्ही एका देव्हाऱ्यात नांदतं, त्यामुळे मला तरी त्यात काही नवल वाटत नाही.

या राजाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. साल साधारण ८५०. ग्रंथाच्या सुरुवातीला वर्धमान महावीरांना वंदन आहे आणि नृपतुंगाची स्तुती आहे. आचार्यांच्या आयुष्याबद्दल हाती लागतं ते एवढंच, बाकी सगळं गणित. नऊ अधिकार, हजारावर श्लोक. आर्यभट किंवा ब्रह्मगुप्त यांचं गणित ज्योतिषाच्या ग्रंथातल्या अध्यायांमध्ये येतं, ग्रहांची गती काढायला लागतं म्हणून. महावीराचार्यांचं पुस्तक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत गणिताचं आहे. विद्यार्थ्यानं समोर घेऊन बसावं आणि उदाहरणं सोडवत जावं असं.

हे सगळं मला माझ्या पुतणीमुळे कळलं. धाकट्या जावेची मुलगी, वय वर्षं वीस, कॉलेजात गणित शिकते आणि फावल्या वेळात लिहिते. तिच्या वयाच्या मुली कथा-कविता लिहितात, ही गणिताच्या आणि विज्ञानाच्या इतिहासावर लिहिते. कोणी कोणती संख्या पहिल्यांदा कशी लिहिली, सावलीवरून वेळ कशी काढत, जुन्या पोथ्या कोणाच्या माळ्यावर सापडल्या, हे तिचे विषय. मी कला शाखेची पदवीधर. गणिताशी माझा संबंध दूधवाल्याच्या हिशोबापुरता. तरी ती वाचून दाखवायला लागली आणि मी ऐकायला लागले, कारण त्या पुस्तकात मला माझं स्वयंपाकघर दिसलं.

थट्टा नाही. पहिल्याच अधिकारात महावीराचार्य गणित कुठं कुठं लागतं त्याची यादी देतात. लौकिक, वैदिक आणि धार्मिक व्यवहारांत लागतं; कामशास्त्र, अर्थशास्त्र, गायन, नाटक, वैद्यक, वास्तुविद्या, छंद, अलंकार, तर्क, व्याकरण यांत लागतं. आणि या यादीत नाटक आणि वैद्यक यांच्या मध्ये सूपशास्त्र आहे. म्हणजे स्वयंपाक! बाराशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांना हे लिहावंसं वाटलं. आमच्या पिढीच्या गणिताच्या मास्तरांना नाही वाटलं.

पुढे मिश्रक-व्यवहारात तर ते सरळ चवींवरच येतात. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड, या सहा रसांचे किती वेगवेगळे मेळ होतील, असा प्रश्न आहे. एकेकटे ६. दोन-दोनचे १५, तीन-तीनचे २०, चार-चारचे पुन्हा १५, पाच-पाचचे ६ आणि सगळे मिळून १. एकूण ६३. आचार्य नुसतं उत्तर देऊन थांबत नाहीत, कितीही वस्तूंमधून हव्या तेवढ्या निवडायच्या असतील तरी लागू पडेल अशी रीत देतात. वर उलटा क्रम मांडायचा, ६, ५, ४, आणि खाली सुलटा, १, २, ३. वरच्यांचा गुणाकार १२०, खालच्यांचा ६, भागाकार २०, की तीन चवींचे मेळ आले. पुतणी म्हणते की अशा निवडीची अगदी सर्वसाधारण रीत इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलेली पहिल्यांदा दिसते ती इथंच. लगेच पुढचं उदाहरण दागिन्यांचं: हिरा, नीलमणी, पाचू, पोवळं आणि मोती यांचे मेळ किती? ते तुम्ही करा, ३१ येतात.

सोन्याचं गणितही याच अधिकारात आहे. शुद्ध सोनं सोळा वर्णांचं धरायचं. १४ वर्णांचं चार तोळे आणि ११ वर्णांचं दोन तोळे एकत्र आटवलं तर मिळालेलं सोनं किती वर्णांचं? प्रत्येकाचं वजन आणि वर्ण यांचा गुणाकार करून बेरीज ७८, एकूण वजन ६, म्हणून १३ वर्णांचं. (आकडे माझे, रीत त्यांची.) जुन्या पाटल्या मोडून नव्या करताना सोनारासमोर गप्प बसणाऱ्या प्रत्येकीनं हे एकदा करून पाहावं.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण मात्र फळांचं. ९ महाळुंग आणि ७ कवठं यांची किंमत १०७, आणि ७ महाळुंग आणि ९ कवठं यांची किंमत १०१, तर एकेका फळाची किंमत किती? शाळेत आम्हाला क्ष आणि य घेऊन हे शिकवलं होतं. इथं त्याची गरज पडत नाही. दोन्ही खरेद्या एकत्र करा: १६ महाळुंग, १६ कवठं, २०८. म्हणजे एक जोडी १३ ला. आता पहिल्या खरेदीत दोन महाळुंग जास्त आणि दोन कवठं कमी आहेत, त्यानं किंमत ६ नं वाढली. म्हणजे महाळुंग कवठापेक्षा ३ नं महाग. महाळुंग ८, कवठ ५.

आणि मोत्यांचा हार. वसंतातली रात्र, वाड्यातलं तरुण जोडपं, प्रेमाच्या झटापटीत बाईच्या गळ्यातला हार तुटतो. एक तृतीयांश मोती दासीच्या हाती येतात, एक षष्ठांश शेजेवर पडतात. उरलेल्यांचे अर्धे, मग त्या उरलेल्यांचे अर्धे, असं सहा वेळा इकडेतिकडे विखुरतात. शेवटी दोऱ्यात ११६१ मोती राहतात, तर हारात किती होते? उत्तर १,४८,६०८. एवढा हार गळ्यात घालून ती उभी कशी राहत होती, हे आचार्यांनी सांगितलेलं नाही! गणित शिकवताना मुलांना झोप येऊ नये याची काळजी त्यांनी फार मनापासून घेतली आहे. काही गुणाकारांची उत्तरं तर त्यांनी गळ्यातल्या कंठ्यासारखी बनवली आहेत, दोन्हीकडून वाचा, सारखीच. १३९ ला १०९ नं गुणा, १५१५१ येतात. २,७९,९४,६८१ ला ४४१ नं गुणा, १२३४५६५४३२१ येतात. एकापासून सहापर्यंत चढत जायचं आणि पुन्हा उतरत यायचं.

आता शून्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

महावीराचार्य सांगतात की कोणत्याही संख्येला शून्यानं गुणलं तर शून्य येतं. बरोबर. शून्य मिळवलं किंवा वजा केलं तर संख्या तशीच राहते. बरोबर. आणि शून्यानं भागलं तरी संख्या तशीच राहते. हे चूक आहे.

पुतणीनं महावीराचार्यांवर लेख लिहिला तेव्हा यावर एक परिच्छेद लिहिला होता. महावीर जयंतीच्या एका स्मरणिकेसाठी तो लेख मागवला होता. संपादन करणाऱ्या गृहस्थांनी वाचला, कौतुक केलं आणि म्हणाले, "सगळं छान आहे बाळ, तेवढं शून्याचं काढून टाक. आपल्या आचार्यांची चूक आपणच कशाला दाखवायची? दाखवणारे बाहेर पुष्कळ आहेत." माणूस वाईट नव्हे. समाजाच्या मुलांनी आपल्या वारशाचा अभिमान बाळगावा, एवढीच त्यांची इच्छा. पण मुलगी अडली. म्हणाली, "काकू, तो परिच्छेद काढला तर बाकीच्या लेखावर लोकांनी विश्वास का ठेवायचा?" आणि तिनं लेखच परत घेतला. घरात दोन दिवस यावरून धुसफूस झाली. जाऊ म्हणत होती, एवढ्यासाठी मोठ्या माणसांना कशाला दुखवायचं. मी मुलीच्या बाजूनं होते आणि आहे.

पुढे श्रुतपंचमीला तो लेख बस्तीत, आम्हा बायकांच्या स्वाध्यायात वाचला गेला. ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा आपला पोथ्यांचा सण. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला त्याची आठवण म्हणून या दिवशी शास्त्रं बाहेर काढायची, झटकायची, नवी वेष्टनं घालायची, पूजा करायची. पूजा आपण न चुकता करतो. वेष्टन सोडून आत काय लिहिलं आहे ते वाचण्याचा प्रघात मात्र कमी होत चालला आहे, असं मला दरवर्षी वाटतं. त्या दिवशी तरी तो पाळला गेला.

पंचवीसेक बायका होतो. महाळुंगाचं उदाहरण दोघींनी तोंडी सोडवलं. मग शून्य आलं. चूक आहे म्हटल्यावर मागून एक पंचाहत्तरीच्या आजी म्हणाल्या, "चूक कशी गं? शून्यानं भागायचं म्हणजे वाटायला समोर कोणीच नाही. मग लाडू डब्यात तसेच राहणार की!" सगळ्या हसल्या, पण पुतणी हसली नाही. ती म्हणाली, "आजी, महावीराचार्यांनी बहुतेक असाच विचार केला असणार." मग तिनं समजावलं. १२ लाडू ४ जणांत वाटले, प्रत्येकाला ३. ताळा करायचा तर ३ गुणिले ४, परत १२. आता १२ ला शून्यानं भागून १२ च आले म्हणायचं, तर ताळा कसा जमणार? १२ ला शून्यानं गुणलं की शून्य येतं, असं आचार्य स्वतःच वर सांगतात. आजींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग उत्तर काय?" "उत्तरच नाही," पुतणी म्हणाली. "तो प्रश्नच विचारता येत नाही."

हे ठरायला जगाला फार काळ लागला. महावीराचार्यांच्या आधी दोनशे वर्षं, ६२८ साली, ब्रह्मगुप्तानं शून्याचे नियम लिहिले. त्यातही भागाकारापाशी अडखळ आहे. शून्याला शून्यानं भागलं तर शून्य, असं तो म्हणतो. महावीराचार्यांनंतर तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्य म्हणतात की शून्यानं भागलं की जी राशी येते ती खहर, म्हणजे अनंत, तिच्यात काही घातलं-काढलं तरी तिला फरक पडत नाही. हे भास्कराचार्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे, 'लीलावती'वाले. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. त्यांचंही उत्तर आजच्या गणिताला पूर्ण मान्य नाही. म्हणजे शून्यानं भागण्याच्या या एका पायरीवर तिघेही मोठे लोक ठेचाळले, आणि प्रत्येकजण वेगळ्या ठिकाणी. मला तर यात महावीराचार्यांचा काही कमीपणा दिसत नाही. ते कोणत्या अवघड जागी जाऊन उभे राहिले होते, ते यातून दिसतं.

आणि याच प्रकरणात, अगदी जवळ, एक गोष्ट त्यांना इतर कोणाहीआधी स्वच्छ दिसली. ऋण संख्येचा वर्ग धन, धन संख्येचा वर्गही धन; तेव्हा ऋण संख्या मुळात कोणाचा वर्ग असूच शकत नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही. युरोपातले गणिती पुढे सोळाव्या शतकात याच प्रश्नाशी झगडले आणि त्यातून वेगळ्याच तऱ्हेच्या संख्या जन्माला आल्या. 'वर्गमूळ नाही' हे त्यांनी लिहिलं हे सांगायचं आणि दोन श्लोक अलीकडची चूक झाकायची, हे कसं जमेल? सम्यक् ज्ञान म्हणतो ना आपण? त्यात निवडानिवड बसत नाही.

अपूर्णांकांचंही सांगायला हवं, कारण शाळेत ज्या 'लसावि'नं आपल्याला रडवलं, तो अपूर्णांकांच्या बेरजेसाठी भारतात पहिल्यांदा महावीराचार्यांनी वापरला. 'निरुद्ध' असं त्याचं नाव. आणि एकाचे तुकडे करण्याचा त्यांना भारी सोस. एक म्हणजे अर्धा, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश. चार तुकडे हवेत? अर्धा, एक तृतीयांश, एक नवमांश, एक अठरांश. पाहिजे तितके तुकडे करायची रीत दिली आहे. पुरणपोळीवर करून पाहिलं, अठरावा भाग फार बारीक निघतो.

हा ग्रंथ दक्षिणेत शतकानुशतकं शिकवला गेला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनानं तो तेलुगूत आणला. मग हळूहळू पोथ्या मठांत आणि भांडारांत जाऊन बसल्या. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या एम. रंगाचार्यांनी त्या जमवल्या. त्यांतली एक मूडबिद्रीची होती. १९१२ मध्ये त्यांनी मूळ संहिता आणि इंग्रजी भाषांतर छापलं, आणि जगाला महावीराचार्य ठाऊक झाले. हिंदी भाषांतरासह आवृत्ती निघाली ती १९६३ मध्ये, सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. भाषांतर लक्ष्मीचंद्र जैन यांचं. या ग्रंथमालेचे एक संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे.

मूडबिद्रीचं नाव निघालंच आहे तर धवलेचं सांगते, कारण तिच्यात एक बाई आहे. वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावरची ही प्रचंड टीका ८१६ मध्ये पूर्ण केली. अमोघवर्षाचे गुरू जिनसेन हे त्यांचेच शिष्य. धवलेतही गणित भरपूर आहे. एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते, त्याला तिथं अर्धच्छेद म्हणतात. ६४ चे अर्धच्छेद ६. मोत्यांच्या हारात सहा वेळा अर्धे करायला लावलेले आठवतात? तो ६४ तिथं लपलेला आहे. ही जोडणी पुतणीची, मी नुसती सांगते आहे.

धवलेच्या ताडपत्री पोथ्या मूडबिद्रीत कुलुपात होत्या, दर्शनापुरत्या. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद शेठजींसारख्या लोकांनी खटपट करून त्यांची नक्कल करण्याची परवानगी मिळवली, तीही मूडबिद्रीबाहेर न नेण्याच्या अटीवर. नक्कल करणारे पंडित गजपती उपाध्याय यांनी त्याच वेळी गुपचूप आणखी एक कन्नड नक्कल केली. तिच्यात त्यांना मदत होती ती त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची. ती नक्कल पुढे सहारनपूरला गेली, तिथं तिची नागरी प्रत झाली, त्या प्रतीच्या आणखी प्रती झाल्या, आणि त्यांच्याच आधारे हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ मध्ये धवलेचा पहिला भाग छापला. चौथ्या भागात लखनौच्या ए. एन. सिंग यांचा धवलेतल्या गणितावर लेख आहे. तो वाचून अभ्यासकांना कळलं की जैनांच्या गणितात काय काय होतं. दानचिंतामणी अत्तिमब्बेनं दहाव्या शतकात पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. ती श्रीमंत होती, तिनं लेखक बसवले. लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिलं, घरातली कामं आवरून, आणि बोलायची सोय नव्हती. चोरून केलेलं काम म्हणून कोणाला ते खटकेल. मला नाही खटकत.

'गणितसारसंग्रहा'ची आणखी एक आवृत्ती २००० साली होंबुजहून निघाली, पद्मावतम्मा यांच्या कन्नड भाषांतरासह. पुतणी मराठी शाळेत शिकली, तिला कन्नड बोलता येतं पण वाचताना अडखळते. माझं माहेर कन्नड. म्हणून दुपारची भांडी झाली की मी वाचते, ती टिपून घेते. सध्या आम्ही शेवटच्या अधिकारात आहोत, छाया-व्यवहारात. उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या किती पट आहे ते पाहायचं, त्यात एक मिळवायचा, दुप्पट करायची. एकाला त्यानं भागलं की सकाळी दिवसाचा किती भाग सरला ते निघतं. सावली उंचीएवढी असेल तर एक आणि एक दोन, दुप्पट चार, म्हणजे दिवसाचा चौथा भाग. मार्चअखेरीला गच्चीवर पापड वाळत घातले होते, त्यांच्या शेजारी आम्ही काठी उभी करून पाहिली. घड्याळाशी दहाएक मिनिटांचा फरक पडला. तो कुठून आला, हे ती आता शोधते आहे.